सहा रिकामे गोल

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणतात की हिच्यापेक्षा मेंढरं परवडली. पण त्या दिवशी राग काढायला समोर माणूसच नव्हतं. समोर फोनचा पडदा होता आणि त्यावर सहा रिकामे गोल.

नर्सिंगचा कोर्स करून मी दोन वर्षं घरी बसले होते. दिंद्रुडच्या बाजूला आमची वस्ती आहे. तिथं नर्सिंग शिकलेल्या मुलीला दोनच कामं असतात, गावातल्या म्हाताऱ्यांचं बीपी मोजणं आणि तिच्या लग्नाचं काय झालं या प्रश्नाला उत्तर देणं. शेवटी एका भरतीच्या यादीत माझं नाव आलं आणि कागद तपासायला बीडला बोलावणं आलं. संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचे कागद पटणार नाहीत त्याचं नाव कापून खालच्याला घेणार, असं सूचनेत स्वच्छ लिहिलं होतं.

माझे मूळ कागद माझ्याकडं नव्हते. कॉलेजनं ते कसल्याशा पडताळणीला पाठवले होते आणि ते तिकडंच अडकले होते. पण त्याच सूचनेत एक पळवाट होती. मूळ कागद नसतील तर कागदपत्रांच्या पाकिटाचं ॲप खिडकीवर उघडून दाखवायचं. प्रिंट चालणार नाही, फोटो चालणार नाही, ॲपच पाहिजे. माझे सगळे कागद मी त्या पाकिटात केव्हाच भरून ठेवले होते, त्यामुळं मला काळजी नव्हती.

हे पाकीट आबांच्या फोनवर होतं. आमच्या घरात आधारला, रेशनला, गॅसला, सगळीकडं आबांचाच नंबर दिलेला आहे. कुठलाही निरोप आला की तो आबांच्या खिशात वाजतो, आणि आबांना वाचता येत नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी मी त्यांचा फोनच मागून घेतला. त्यांनी कमरेच्या चंचीशेजारून तो काढून दिला आणि मेंढरं घेऊन माळावर गेले. चंची म्हणजे पानतंबाखूची कापडी पिशवी, घडीवर घडी घातलेली. आबांचं खरं पाकीट तेच, आणि त्याला कुलूप नाही, नुसती दोरी आहे.

तेलगाव, वडवणी करत एसटीनं बीडला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. कार्यालयात एक लांबट खोली, तीन खिडक्या, बाकं आणि दाराला लोखंडी जाळी. शिपाई एकेकाला आत घेऊन जाळी ओढून घेत होता. नंबर लागल्यावर बाहेर गेलात तर नंबर गेला, असं त्यानं बजावलं होतं. मी बाकावर बसून, एकदा उघडून ठेवावं म्हणून आबांचा फोन काढला आणि पाकिटावर बोट ठेवलं.

सहा गोल आले.

मी ते ॲप लावलं तेव्हा चार गोल होते. क्रमांकही चार आकड्यांचा, माझाच, शून्य एक शून्य सहा. एक जून, माझी जन्मतारीख. आता वर एका कुलपाचं चित्र होतं, त्याची कडी अर्धी वर. म्हणजे कुलूप उघडं आहे की लागलेलं, ते चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक. खाली ओळ होती, "आपला सुरक्षा क्रमांक प्रविष्ट करा." कुठला सुरक्षा क्रमांक? फोनचा, पाकिटाचा, की मेसेजमधून येतो तो? तिन्हींना ही माणसं एकच नाव देतात. मी माझे चार आकडे टाकले. चार गोल भरले, दोन रिकामे राहिले, आणि "पुढे" लिहिलेलं बटण राखाडीच्या राखाडी. त्याच्याखाली मात्र भाकरीएवढं मोठं हिरवं बटण होतं, "नवे पाकीट सुरू करा."

मी शहाणपणा केला. एक जूनच्या पुढं सालाचे दोन आकडे जोडले. सहा गोल भरले, पडदा थरथरला, गोल पुन्हा रिकामे झाले. चुकलं असं कुठंही लिहून आलं नाही. मला वाटलं माझंच बोट घसरलं असेल, म्हणून तेच पुन्हा टाकलं. पुन्हा थरथरला. मग वाटलं, आबांनी काही बदललं असेल, म्हणून त्यांच्या आधारवरची तारीख टाकली. आधारवर ते एक जानेवारीला जन्मले आहेत, कारण त्यांना नुसतं साल सांगता आलं होतं. पडदा थरथरला आणि या वेळी गोल गेले नि घड्याळ आलं. पंधरा मिनिटं थांबा.

मी माझ्या स्वतःच्या फोनवर तेच ॲप उतरवून पाहिलं, तिथंही शेवटी तेच सहा गोल. "क्रमांक विसरलात?" ही ओळ मुंगीएवढ्या अक्षरात एका कोपऱ्यात सापडली. ती दाबल्यावर त्यानं सांगितलं, की आपल्या ई-मेलवर दुवा पाठवला आहे. आबांना कुठला आलाय ई-मेल? तो पत्ता अर्धा तारकांनी झाकलेला होता आणि जो अर्धा दिसत होता तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. सेवा केंद्रवाले गिऱ्हाइकाचा ई-मेल नसला की स्वतःचा टाकून मोकळे होतात, तसलाच प्रकार असणार.

शेजारी परळीकडची एक उमेदवार बसली होती. तिचे कागद झाले होते, ती शिक्क्याची वाट पाहत होती आणि त्यामुळं तिच्याकडं सल्ला द्यायला भरपूर वेळ होता. तिनं पडदा पाहिला आणि म्हणाली, हिरवं दाब की, हिरवं म्हणजे चांगलंच असतं. मी अडाण्यासारखं दाबलंसुद्धा. तर दुसरा पडदा आला, "या पाकिटातील सर्व कागद पुसले जातील," आणि खाली दोन बटणं, एक हिरवं "ठीक", एक लाल "रद्द". मी अशी गारठले की विचारू नका. रद्द म्हणजे काय रद्द, पुसणं रद्द की पाकीट रद्द? अंगठा हवेत धरून मी कितीतरी वेळ बसले. शेवटी दोन्हींना हात न लावता फोनचं मागं जायचं बटण दाबलं आणि जुना पडदा परत आला. त्या मुलीशी मी पुढं बोलले नाही. तिचा दोष नव्हता, पण माझा स्वभावच तसा.

घड्याळ संपलं तेव्हा नवीन ओळ आली. आता दोन प्रयत्न शिल्लक, त्यानंतर सुरक्षेसाठी पाकीट रिकामं केलं जाईल. कुणाच्या सुरक्षेसाठी? माझेच कागद, माझ्याच हातात, आणि मी चोर.

खिडकीतल्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पाकीट उघडलं तर मी लगेच तपासते, नाही उघडलं तर पाचला यादी वर जाते, मग माझ्या हातात काही नाही. उद्या येऊ का विचारलं, तर नाही म्हणाल्या. मी परत बाकावर आले.

क्रमांक बदलला असेल तर तो आबांनीच. आबांना विचारायचं तर फोन पाहिजे, आणि आबांचा फोन माझ्या हातात. ते माळावर, मी जाळीच्या आत, बाहेर गेले तर नंबर जाणार. आयुष्यात मला इतकं कोंडल्यासारखं कधी झालं नव्हतं. माय गेली तेव्हा मी सातवीत होते. तेव्हा रडता तरी आलं होतं. इथं भोवती सगळे फाईली सावरून बसलेले, आणि मी मांडीवर दोन फोन घेऊन बसलेली.

मग काकूला फोन लावला. काकू म्हणजे माझी चुलती, शेजारच्याच घरात राहते. ती कापूस वेचायला गेली होती, ओटीत कापूस, आणि पहिल्यांदा तिला वाटलं मला नोकरी लागली म्हणूनच मी फोन केला. नाही म्हणून सांगितलं, सगळं समजावलं, आबांना शोधून तेवढे सहा आकडे विचारा म्हणाले.

"आगं, भावजी सकाळीच वरच्या माळाला गेलते," काकू म्हणाली. "आता कुटं असतील ते काय सांगू? बरं, जाते मी. तू रडू नकू."

मी रडत नव्हते. पण तिनं म्हटल्यावर डोळे भरून आले.

काकू ओटी तशीच बांधून माळावर निघाली हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त वाट पाहणं माहीत होतं. जेवणाची सुट्टी झाली, खिडक्या बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. खोलीतली माणसं कमी होत गेली. जो जाई तो शिपायाकडून जाळी उघडून घेई, आणि ती करकर माझ्या डोक्यात जाई. मी तेवढ्या वेळात आबांना काय सुचलं असेल याचा विचार करत होते. एसटीचा नंबर? मेंढरांचा आकडा? आबा मेंढरं विसाच्या हिशोबानं मोजतात, एक वीस, दोन वीस, आणि वरची सुटी. त्यातून सहा आकडे कसे होणार? दोनदा वाटलं टाकून बघावं. दोन्ही वेळा मी माझाच हात धरला.

सव्वाचारला माझा फोन वाजला. काकूचा नंबर. उचलला तर आधी नुसती बें-बें. इतकी मेंढरं, की खिडकीतल्या बाईंनीसुद्धा मान वर करून पाहिलं.

झालं होतं असं. काकूला आबा सापडले ते पार खालच्या अंगाला, जिथं फोनला रेंज येत नाही. रेंज टेकाडावर. आबांना टेकाडावर जायला सांगितलं तर कळप कोण बघणार? दोन्ही बाजूंनी उभा ऊस. काकूच्या हाकेला मेंढरं जुमानत नाहीत, डोळा चुकला की उसात. म्हणून एका फोनसाठी आबांनी अख्खा कळप टेकाडावर चढवला होता. चरायला काही नसलेल्या त्या खडकावर मेंढरं वैतागून ओरडत होती आणि मधूनमधून आबांची हाळी ऐकू येत होती.

"काय झालं गं? काऊन रडतीस म्हणं?" आबा फोनवर आले.

मी विचारलं, माझ्या पाकिटाला कुठले आकडे टाकलेत?

म्हणाले, मधी तुझं ते पाकीट फोन धरून बसलं होतं, हलतच नव्हतं, सारखं नंबर टाका नंबर टाका. मग सेवा केंद्रात नेलं. तो म्हणाला सहा आकडे सांगा, कधी इसरणार न्हाई असे. हे त्यांनी घरी सांगितलं होतं, मला आता आठवलं. "फोन अडकला होता, उघडून आणला," एवढंच सांगितलं होतं. मी समजले, अडकला तो फोनच, पाकीट नव्हे.

"मग कुठले सांगितले?"

"तुज्या जन्माचे."

माझा धीर सुटला. मी म्हणाले, "आबा, ते मी दोनदा टाकून पाहिलं. एक जून चालत न्हाई."

"एक जून मास्तरची हाय," आबा म्हणाले. "तुजी न्हाई."

मग फोन काकूकडं गेला. आबांनी चंची सोडल्याचं, विड्याच्या पानांच्या आतून काहीतरी काढल्याचं तीच मला सांगत होती. कॅलेंडरचं पान हाय म्हणाली, रोज फाडायचं असतंय ना तसलं, लई जुनं, घडीवर फाटलंय. काकू चौथी शिकली आहे. तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी हातावर पेनानं लिहून घेतला. दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, सालाचे शेवटचे दोन. ते आकडे इथं लिहीत नाही, कारण पाकिटाला अजूनही तेच आहेत. एवढंच सांगते, महिना जून नव्हता, थंडीचा होता. सालही मास्तरचं नव्हतं.

मी सहा आकडे टाकले. एकेक गोल भरत गेला. कुलपाचं चित्र होतं तसंच राहिलं, अर्धवट, पण पडदा बाजूला सरला आणि माझे सगळे कागद एकाखाली एक उघडे पडले.

खिडकीत गेले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. बाईंनी फोन हातात घेतला. नाव पाहिलं, गाव पाहिलं, जात, गुण, कोर्स, एकेकावर खूण केली. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबल्या.

"जन्मतारीख एक जून. बरोबर?"

माझ्या हातावर निळ्या शाईत दुसरीच तारीख होती. मी हात मागं घेतला आणि म्हणाले, "बरोबर."

त्यांनी खूण केली, शिक्का मारला. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण जाळीतून बाहेर पडताना घुसमट काही पुरती गेली नाही. नोकरी मिळाली ती त्या एक जूनच्या मुलीला, आणि तिच्यासाठी कुलूप उघडलं ते दुसऱ्याच कुणीतरी.

दिवेलागण होऊन गेल्यावर घरी पोचले. आबा मेंढरं कोंडून हातपाय धूत होते. मी पान दाखवा म्हणाले. त्यांनी चंचीतून काढून दिलं. तंबाखूनं तपकिरी झालेलं, चार घड्यांवर आरपार गेलेलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या साली मेंढरं तेलगावच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. रात्रभर कळप रानात बसला की रानाला लेंडीचं खत मिळतं, म्हणून शेतकरीच बोलावतात. तिथंच, पालात, मी झाले. शेतकऱ्याच्या बायकोनं मायला सोडवलं. शेतकऱ्यानं त्या दिवशीचं पान कॅलेंडरवरून फाडून आबांच्या हातात दिलं, की हे जपून ठेव, पोरीला शाळेत घालताना लागंल.

"मग शाळेत दिलं न्हाई का?"

"दिलं की. चंचीतून काढून टेबलावर ठिवलं." आबांनी पाय पुसले. "मास्तर म्हणला, ऱ्हाऊ दे, समद्यांची एक जूनच लिवतो, सोपं पडतंय. पान माघारी दिलं."

आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती. मास्तर गुरुजी म्हणून चांगले होते, मला बाराखडी त्यांनीच शिकवली. तरी त्या संध्याकाळी मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. लहानपणी मी आबांना विचारायची, माझा वाढदिवस कधी, तर ते म्हणायचे, मास्तरनं लिवलाय तोच. मला वाटायचं, यांना आठवत नाही. आणि सबंध वेळ ते पान त्यांच्या कमरेला होतं.

मी त्यांच्यावर ओरडलेच. मला कधीच काऊन सांगितलं न्हाई, म्हणाले. आबा म्हणाले, कागदाला काय लागलं ते कागदाला लागलं. सांगून तुला दोन तारखा झाल्या असत्या. एकीनंच माणूस बेजार असतंय.

आता मी मांजरसुंब्याच्या पलीकडं एका उपकेंद्रात आहे. बाळंतपणाची नोंद माझ्याच हातानं होते, आणि तारीख लिहिताना मी दोनदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहते. एवढं एक माझ्या हातात आहे. माझं स्वतःचं काही सुटण्यासारखं नाही. सेवापुस्तकात एक जून आहे, पगाराच्या चिठ्ठीवर एक जून आहे, निवृत्तही त्याच तारखेच्या हिशोबानं होणार. बदलायचं म्हटलं तर पुरावा मागतात, आणि तंबाखूचा वास येणारं कॅलेंडरचं पान कुठल्या खिडकीवर चालत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

ते पाकीट आता माझ्या फोनवर घेतलं आहे. आकडे मात्र आबांचेच आहेत. दर काही महिन्यांनी ॲप मधेच पडदा अडवून बसतं, की सुरक्षेसाठी आपला क्रमांक बदला. "बदला" हे बटण मोठं आणि हिरवं असतं. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "नंतर" लिहिलेलं असतं. मी ते शोधते आणि दाबते.